मोजायचं आणि वाचायचंही: मजकुराच्या मिश्र विश्लेषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत मराठी, पत्रकारिता, समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र या विषयांत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांचे हे प्रश्न आहेत. बहुतेकांनी मजकूर आधीच गोळा केलेला असतो: वर्तमानपत्रांची कात्रणं, मुलाखती, ग्रामसभेची इतिवृत्तं, ओव्या. पुढे त्याचं करायचं काय, इथे गाडी अडते. उत्तरं शक्य तितकी आपल्याकडच्या मजकुरांच्या आधारे दिली आहेत. जिथे "समजा" म्हटलं आहे, तिथले आकडे आणि निष्कर्ष फक्त समजावण्यासाठी घेतलेले आहेत.

गुणात्मक आणि संख्यात्मक पद्धतींत नेमका फरक काय?

संख्यात्मक पद्धत मजकुरातल्या गोष्टी मोजते. एखादा शब्द किती वेळा आला, कोणत्या शब्दांच्या शेजारी आला, कोणत्या वर्षी वाढला, वगैरे. गुणात्मक पद्धत तोच मजकूर जवळून वाचते. कोण बोलतंय, कोणाला उद्देशून, काय सांगायचं टाळतंय, त्या शब्दाचा त्या ठिकाणी अर्थ काय. पुस्तकांत या दोन्ही पद्धती दोन वेगळ्या पंथांसारख्या मांडलेल्या असतात. प्रत्यक्षात काय मोजायचं हे आधी कुणीतरी वाचूनच ठरवलेलं असतं, आणि जवळून वाचणाराही "हे बऱ्याच ठिकाणी दिसतंय" असं म्हणतो तेव्हा मोजतच असतो.

एक पद्धत नीट वापरली तर पुरत नाही का? दोन्ही कशासाठी?

काही प्रश्नांना एक पुरते. एका कवीच्या एका कवितेचा अर्थ लावायचा असेल तर तक्ते मांडत बसू नका. पण बरेच प्रश्न असे असतात की एका पद्धतीने त्यांचं अर्धंच उत्तर मिळतं, आणि ते अर्धं उत्तर पूर्ण वाटतं. खरा धोका तिथे आहे.

समजा, तुम्ही एका तालुक्यातल्या ग्रामसभांची दहा वर्षांची इतिवृत्तं घेतलीत. प्रश्न असा: गावच्या निर्णयांत बायकांचा सहभाग वाढला का? महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे प्रश्न विचारण्यासारखा आहेच. संगणकाला "महिला" हा शब्द मोजायला सांगितला. आकडा वर्षागणिक चढत गेला, आलेख देखणा आला.

आता त्यातली पन्नास इतिवृत्तं पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचा. समजा, असं दिसलं की "महिला" हा शब्द बहुतेक वेळा "सभेस महिला व पुरुष ग्रामस्थ उपस्थित होते" या ठरीव ओळीत आणि योजनांच्या नावांत आलाय. चर्चेच्या भागात तो जवळपास नाहीच. वाचता वाचता तुमचं लक्ष ठरावाखालच्या दोन जागांकडे जातं: सूचक आणि अनुमोदक. तिथे किती वेळा बाईचं नाव आहे? त्यातून सरपंचबाई वगळल्या तर किती उरतात? हा प्रश्न वाचनातून सुचला, पण आता तो सगळ्या गावांसाठी, सगळ्या दहा वर्षांसाठी मोजता येतो. मोजल्यावर एखादं गाव सगळ्यांहून वेगळं निघालं, तर पुन्हा त्याच गावची कागदपत्रं काढायची, तिथे जाऊन माणसांशी बोलायचं. तिथे बचत गट जोरात आहे? ग्रामसेवक लिहिताना काळजी घेतो? की नावं नुसतीच लिहिली जातात?

कुठे वाचायचं ते मोजणीने दाखवायचं, काय मोजायचं ते वाचनाने सांगायचं, आणि ही फेरी एकदा करून थांबायचं नाही. मिश्र पद्धत म्हणतात ती हीच, आणि या पानावरची बाकीची उत्तरं याच एका म्हणण्यावर उभी आहेत.

प्रबंधात एक प्रकरण आकड्यांचं आणि एक प्रकरण मुलाखतींचं ठेवलं की मिश्र पद्धत झाली ना?

नाही. आपल्याकडे सर्वाधिक प्रबंध इथेच कमी पडतात. तिसऱ्या प्रकरणात टक्केवारी, चौथ्यात उतारे, आणि दोघांची भेटच नाही. चौथं प्रकरण काढून टाकलं तरी तिसऱ्याला काही फरक पडत नसेल, तर तुम्ही दोन छोटी संशोधनं एका बाइंडिंगमध्ये घातली आहेत.

एक साधी तपासणी करा. आकडे पाहून वाचनाचा एखादा निर्णय बदलला का? वाचून मोजणीचा एखादा निर्णय बदलला का? दोन्ही प्रश्नांना उदाहरणासह "हो" म्हणता आलं पाहिजे.

आधी काय करायचं, मोजणी की वाचन?

पद्धतीच्या पुस्तकांत, विशेषतः जॉन क्रेसवेल यांच्या मांडणीत, तीन मुख्य वाटा सांगितल्या आहेत. आधी मोजून मग आकड्यांचा अर्थ शोधण्यासाठी वाचणं. आधी वाचून मग जे सापडलं ते किती पसरलेलं आहे हे मोजणं. किंवा दोन्ही समांतर करून शेवटी ताडून पाहणं.

मराठवाड्यातल्या ज्या विषयांवर आधीचं काम फार थोडं आहे, तिथे मी वाचनापासून सुरुवात करायला सांगते. ऊसतोड मजुरांच्या मुलाखतींत काय मोजायचं, हे "कोयता", "उचल", "मुकादम" या शब्दांचं त्यांच्या आयुष्यातलं वजन कळल्याशिवाय ठरवता येत नाही. "कोयता" म्हणजे तिथे नवरा-बायकोची जोडी, आणि "उचल" म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. कोशातला अर्थ धरून मोजायला बसलात तर पहिल्याच तक्त्यात चूक होईल.

मराठी मजकूर संगणकावर मोजताना कोणत्या अडचणी येतात?

खूप येतात. पद्धतीची बहुतेक पुस्तकं इंग्रजी मजकूर समोर ठेवून लिहिलेली असल्यामुळे त्यांचा उल्लेखही सापडत नाही. म्हणून इथे सविस्तर सांगते.

पहिली अडचण विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययांची. "पाणी" हा एक शब्द "पाण्याचा, पाण्यात, पाण्यासाठी, पाण्यावाचून, पाण्यावरून" अशा कितीतरी रूपांत येतो. फक्त "पाणी" शोधलं तर ही सगळी रूपं निसटतात. "पाण्य" असा तुकडा शोधला तर मूळ रूप निसटतं. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या शब्दासाठी मूळ रूप आणि सामान्यरूप दोन्हींवरून शोध घ्या, सापडलेल्या रूपांची यादी डोळ्यांखालून घाला आणि नको ते काढा. काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. "शेतकऱ्यांचा" या शब्दातला "ऱ्य" दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात "ऱ" हे युनिकोडमधलं (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीतलं) स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा "र", हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. मराठवाड्यावरच्या कुठल्याही मजकुरात शेतकरी असणारच, त्यामुळे ही गफलत तुमच्या सर्वांत महत्त्वाच्या शब्दावर बसते. मोजणीआधी सगळ्या फायलींत एक रूप शोधून त्याजागी दुसरं घाला.

तिसरी, काही साधनं मात्रा आणि वेलांट्या अक्षराचा भाग मानतच नाहीत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली शब्द तोडण्याची नेहमीची पद्धत जशीच्या तशी वापरली तर "पाणी"चे "प" आणि "ण" असे दोन तुकडे होतात. अँटकॉन्क या शब्दमोजणीच्या सॉफ्टवेअरमध्येही शब्दाच्या व्याख्येत अक्षरांबरोबर चिन्हांचा वर्ग घ्यावा लागतो. पहिल्या शब्दयादीत सुटी व्यंजनं दिसली तर तिथेच थांबा.

चौथी, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर. हा मजकूर मुळात मराठी अक्षरांत साठवलेलाच नसतो, फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उरतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि रूपांतरातल्या चुका नमुना घेऊन तपासा.

पाचवी अडचण काळाची. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या मजकुरात "नाहीं", "कांहीं", "तें" दिसतील. गावांची नावंही बदलतात. २०२३पासून औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. निजामाच्या काळातल्या कागदांत अंबाजोगाई मोमिनाबाद म्हणून येते. जुनी-नवी नावं एकाच सांकेतिक नावाखाली आणली नाहीत, तर २०२३ मध्ये एक शहर अचानक गायब झालेलं आणि दुसरं उगवलेलं दिसेल. मात्र कोणी कोणतं नाव वापरलं हाच अभ्यासाचा विषय असेल तर एकत्र करू नका. म्हणजे तांत्रिक वाटणारा हा निर्णयही शेवटी तुमच्या प्रश्नावरच ठरतो.

मुलाखती बोलीत आहेत. मोजणी सोपी व्हावी म्हणून प्रमाण मराठीत करून घेऊ का?

कळकळीची विनंती आहे, करू नका. बोली पुसली की तुमच्या साहित्यातला सर्वांत मोलाचा भाग जातो.

आपल्याकडचा शेतकरी "शेत" म्हणेलच असं नाही. तो "रान" म्हणतो, "वावर" म्हणतो. "रानात गेलता" याचा अर्थ शेतात गेला होता. पुण्याच्या वाचकाला तिथे जंगल दिसेल. "मपलं रान" म्हणताना बीड-जालन्याकडच्या माणसाच्या बोलण्यात जी मालकी आणि जी माया आहे, ती "माझे शेत" असं लिहिलं की राहत नाही. मुलाखत जशी बोलली गेली तशी उतरवा. शेजारी दुसरा रकाना करून त्यात शोधासाठी प्रमाण रूप द्या. मोजणी दुसऱ्या रकान्यावर करा, वाचन पहिल्या रकान्यावरून.

काही गोष्टी मात्र दोन रकान्यांनीही सुटत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपातून वाचलेल्या माणसाशी तुम्ही बोलताय असं धरा. "मृत्यू" शब्द मोजलात तर जवळपास काही हाती लागणार नाही. आपल्यात कोणी आपल्या माणसाबद्दल तो शब्द वापरत नाही. "आई गेली", "दोघं राहिले नाहीत" असं म्हणतात. आता "गेली" मोजायला जावं तर बाजारात गेली, शाळेत गेली, लाईट गेली, सगळंच येतं. इथे एकच मार्ग आहे: "गेला-गेली-गेले" असलेली प्रत्येक ओळ काढायची, वाचायची आणि हातानं खूण करायची. यंत्राने ओळी गोळा केल्या, अर्थ माणसाने लावला. मग त्या खुणा मोजा, आणि बोलणारा किती वेळाने पहिल्यांदा त्या गोष्टीपाशी येतो तेही पाहा.

कोडबुक कसं तयार करायचं?

कोडबुक म्हणजे मजकुराच्या तुकड्याला कोणती खूण कधी लावायची याचं लेखी नियमपत्र. वीस-तीस मजकूर वाचून कच्च्या खुणा काढा, सारख्या खुणा एकत्र करा, प्रत्येकीची व्याख्या लिहा, आणि लागू होणारं एक व लागू न होणारं एक अशी दोन उदाहरणं द्या. न लागू होणारं उदाहरण बहुतेक जण गाळतात, आणि वाद नेमके तिथेच होतात.

दुष्काळाच्या बातम्यांचं पाहा. शासकीय भाषेत "टंचाई", "दुष्काळसदृश परिस्थिती" आणि "दुष्काळ" हे तीन वेगळे शब्द आहेत आणि मदत त्यांवर अवलंबून असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यात आधी १८० तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली, आणि महिना संपता संपता १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. संगणकाला "दुष्काळ" शोधायला सांगितलं तर "दुष्काळसदृश"ही त्यातच मोजला जाईल, आणि ज्या फरकासाठी लोक रस्त्यावर येतात तोच फरक तुमच्या तक्त्यातून नाहीसा होईल. म्हणून इथे तीन कोड, म्हणजे तीन वेगळ्या खुणा, हवेत. चौथा कोड बोलणाऱ्याचा: शब्द अधिकाऱ्याच्या तोंडी आहे, पुढाऱ्याच्या, शेतकऱ्याच्या की बातमीदाराच्या? "आणेवारी" आणि "पैसेवारी" (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) या दोन्ही शब्दांचा मात्र एकच कोड चालेल. व्यवहारात जुनं नाव अजून टिकून आहे, विषय तोच.

दोघांनी कोडिंग केलं, ९० टक्के जुळलं. पुरेसं आहे का?

नुसत्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. काही जुळणी योगायोगानेही होते. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा हा निर्देशांक तो योगायोग वजा करतो. प्रत्यक्ष एकमतातून योगायोगाचं एकमत वजा करायचं, आणि त्याला एक वजा योगायोगाचं एकमत याने भागायचं.

समजा, १०० बातम्या आहेत आणि "सरकारवर टीका" हा कोड आहे. दोघांनीही लावला अशा ४०, दोघांनीही लावला नाही अशा ४०, फक्त पहिल्याने लावला अशा १२, फक्त दुसऱ्याने लावला अशा ८. प्रत्यक्ष एकमत ०.८०, योगायोगाचं साधारण ०.५०, कप्पा ०.६०. ठीकठाक.

आता दुर्मीळ कोड घेऊ, "स्थलांतरित मुलांच्या शाळेचा उल्लेख". दोघांनीही लावला अशा फक्त २, दोघांनीही लावला नाही अशा ८८, मतभेद ५ आणि ५. एकमत ९० टक्के. पण योगायोगाचंच एकमत जवळपास ०.८७ निघतं, आणि कप्पा येतो ०.२३. ज्या मुलांसाठी तुम्ही हा अभ्यास हाती घेतला, नेमक्या त्यांच्याच बाबतीत तुमचे दोन वाचक सहमत नाहीत आणि ९० टक्क्यांनी ते झाकलं. कप्पासारखाच एकमत मोजणाऱ्या, क्लाऊस क्रिपेनडॉर्फ यांच्या अल्फा निर्देशांकासाठी ०.८० समाधानकारक आणि ०.६६७ ही तात्पुरत्या निष्कर्षांची किमान पातळी मानतात.

आकडा कमी आला की एकाने दुसऱ्याचं ऐकून कोड बदलायचे, हा उपाय नव्हे. त्या दहा बातम्या समोर ठेवून दोघांनी बोला. बहुतेक वेळा व्याख्येत फट सापडते, आणि कधी कधी मजकूरच दोन अर्थांचा निघतो. हे दुसरं सापडलं तर ते तुमच्या प्रबंधाचं साहित्य आहे. त्यावर लिहा.

किती मजकूर घ्यावा?

मोजणीसाठी नमुना प्रातिनिधिक हवा, वाचनासाठी तो बोलका हवा. दोन्ही नमुने एकच असण्याची गरज नाही. वाचनाचा नमुना मोजणीच्या नमुन्यातून काढलेला असला म्हणजे झालं.

दैनिकांसाठी "रचित आठवडा" ही पद्धत प्रचलित आहे. वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून एक सोमवार, सगळ्या मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात दिवस चिठ्ठ्या टाकून निवडायचे. सर्वसाधारण विषयांसाठी वर्षाला असे दोन आठवडे चालतात. पाणीटंचाईसाठी मात्र हे आपल्याकडे चालणार नाही. तो विषय मार्च ते जून फुगतो आणि पावसाबरोबर ओसरतो. महिनावार नमुना घ्या. शिवाय एखादी घटना आलेख वाकवते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा देशभराचं लक्ष लातूरकडे वळलं. त्या महिन्यात "लातूर" आणि "पाणी" यांचे उल्लेख वाढले म्हणून आजूबाजूच्या खेड्यांतली टंचाई जास्त छापून आली असं धरू नका. खेड्यांची नावं वेगळी मोजा.

एका वर्तमानपत्रात शब्द ४५ वेळा आला, दुसऱ्यात ३० वेळा. पहिल्यात जास्त म्हणायचं ना?

आधी एकूण शब्द पाहा. पहिल्याचा मजकूर ३०,००० शब्दांचा असेल तर दर हजारी १.५. दुसऱ्याचा १२,००० असेल तर दर हजारी २.५. जास्त दुसऱ्यात आहे.

एकच वाक्य शेकडो बातम्यांत सापडतं. ते शंभर वेळा मोजायचं की एकदा?

शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या वाचणाऱ्याला "नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून" हे शब्द पाठ होतात. हा बातमीचा साचा आहे. पोलिसांच्या नोंदीतून, वार्ताहराच्या सवयीतून तो पुढे पुढे चालत येतो. तो मोजून "नापिकी हे प्रमुख कारण आहे" असा निष्कर्ष काढलात, तर तुम्ही कारणं न मोजता साचा मोजलात.

दोन्ही मोजण्या ठेवा. साच्यासकट, आणि साचा वगळून. मग साचा जिथे मोडतो त्या बातम्या वेगळ्या काढून अक्षर न् अक्षर वाचा. कुठे बँकेचं नाव येतं, कुठे मुलीच्या लग्नाचा उल्लेख, कुठे बायकोचं म्हणणं दोन ओळींत का होईना छापलेलं असतं. माणूस त्या बातम्यांत भेटतो. त्या किती थोड्या आहेत, हा आकडाही निष्कर्षात जाऊ द्या.

आकडे एक सांगतात आणि वाचन दुसरंच. मग खरं कोणतं मानायचं?

घाईने एकाला खोटं ठरवू नका. आधी आकडा तपासा: रूपं सुटली का, साचा मोजला गेला का, फायली दोनदा आल्या का. मग वाचन तपासा: मनात ठसलेले चार उतारेच तुम्ही पुन्हा पुन्हा वाचताय का? जोरदार उतारा डोक्यात घर करतो आणि तो सगळीकडे आहे असं वाटू लागतं.

दोन्ही नीट असूनही विसंगती उरली, तर ती लिहा. ती लपवली तर मिश्र पद्धत वापरण्याला अर्थ राहत नाही. समजा, आकडे म्हणतात की स्थानिक पुरवण्यांत पाण्याबद्दल भरपूर छापून येतं, आणि गावकरी मुलाखतींत म्हणतात "आमचं कोण छापतंय?" दोन्ही खरं असू शकतं. पुरवणीत टँकरच्या फेऱ्या आणि बैठकांच्या बातम्या भरपूर असतील, हंड्यासाठी उठणाऱ्या बाईचा दिवस नसेल. विसंगतीमुळे नवा प्रश्न मिळाला: पाण्याच्या बातमीत कर्ता कोण आहे? प्रत्येक बातमीच्या मथळ्यातलं क्रियापद कोणाचं आहे, ते मोजा.

संतसाहित्य आणि ओव्यांवर ही पद्धत वापरणं योग्य आहे का? भक्तीला आकड्यांत कसं धरायचं?

भक्तीला आकड्यांत धरायचं नाहीच. पण पाठ, रचनाकार, भाषा यांचे प्रश्न मोजणीला पोचतात, आणि मराठवाड्याला तर ही परंपरा घरची आहे. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. पाठभेद झालेला ग्रंथ त्यांनी पारखून सिद्ध केला, आणि मध्ये स्वतःची ओवी घुसवणाऱ्याला बजावलंही. पाठभेद पाहणं आणि अर्थावरून निवड करणं, ही दोन्ही कामं तिथे एकाच हाताखाली झाली.

नामदेवांचा प्रश्न आजही उघडा आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीशी ज्यांचं नाव जोडलं आहे ते नामदेव, आणि त्यांच्यानंतरचा विष्णुदास नामा, यांच्या रचना गाथ्यांमध्ये मिसळलेल्या आहेत. नाममुद्रा (रचनेत गुंफलेलं कवीचं नाव) सारखी, विषय सारखे. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, ती वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या वाटेने टिकली. इथे मोजणी काय करू शकते? फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या फेडरलिस्ट निबंधांपैकी १२ वादग्रस्त निबंधांचा लेखक ठरवताना मोठमोठ्या कल्पना बाजूला ठेवल्या आणि बारीकसारीक, सवयीने येणारे शब्द मोजले. असे शब्द लिहिणाऱ्याच्या नकळत येतात. त्यांचं उत्तर जेम्स मॅडिसन या त्यांच्या लेखकांपैकी एकाच्या बाजूने गेलं.

पण ते निबंध लांबलचक होते आणि लेखकांच्या हयातीतच छापलेले होते. अभंगात जेमतेम काही डझन शब्द, तेही शतकानुशतकं कंठातून आणि वह्यांतून आलेले. "तें"चं "ते", "म्हणोनि"चं "म्हणून" कोणी केलं, गायकाने, लेखनिकाने की संपादकाने? म्हणून एकेक अभंग न घेता गट करून मोजा, एकाच गाथेच्या आवृत्तीवर विसंबू नका, आणि मोजणीने वेगळे काढलेले अभंग वारकरी परंपरा जाणणाऱ्या माणसाबरोबर बसून वाचा. संशयाची यादी तयार झाली तरी ते मोठं काम आहे. निकाल देण्याची घाई नको.

जात्यावरच्या ओव्यांचं वेगळं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पातून महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि विषयवार लावल्या गेल्या. एवढ्या साहित्यात मोजणीला खरा वाव आहे: भाऊ किती, सासर किती, विठ्ठल कुठे, भीमराव कुठल्या गावांत. फक्त एक जपा. नेहमीचे बिनकामाचे शब्द गाळायच्या यादीत "बाई", "गं", "सांगते" टाकू नका. ओवीत बोलणारी कोण आणि ऐकणारी कोण, हे त्यांच्यातूनच कळतं. गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगांतही "जनी" हा शब्द कुठे मुद्रा आहे आणि कुठे ती स्वतःलाच हाक मारते आहे, ते वाचूनच वेगळं करावं लागतं.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

शब्दमोजणी आणि संदर्भासह ओळी काढायला अँटकॉन्क, मोफत आहे. ब्राउझरमध्ये झटपट पाहायला व्हॉयंट टूल्स. उताऱ्यांना कोड लावायला टॅगेट किंवा क्वालकोडर, दोन्ही मोफत. एनव्हिवो, अ‍ॅटलस टीआय, मॅक्सक्यूडीए विकत घ्यावी लागतात. विभागात असतील तर वापरा, नसतील तर अडून बसू नका. वीस मुलाखतींपर्यंत लिब्रेऑफिसची स्प्रेडशीट आणि रंगीत पेन यांवर उत्तम काम होतं.

कोडिंग आणि भावनांचं विश्लेषण एआयकडून करून घेतलं तर?

मदतनीस म्हणून घ्या, परीक्षक म्हणून नको. मराठीसाठी पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाने खुली प्रारूपं (मॉडेल) आणि माहितीसंच तयार केले आहेत, ही मोठी सोय झाली. पण त्यांचा भावनांचा सुरुवातीचा संच ट्विटरवरच्या मजकुराचा आहे. ट्विटरवरची मराठी आणि परळीच्या बाजारातल्या म्हातारीची मराठी एक नाही. "लई बरं चाललंय बाबा आमचं" हे ती कोणत्या सुरात म्हणाली, ते मुलाखत घेणाऱ्यालाच ठाऊक असतं.

यंत्राला दुसरा कोडर माना. आधी शंभर-दोनशे तुकडे माणसांनी कोड करा, मग यंत्राचे कोड त्यांच्याशी ताडून कप्पा काढा, तोही बोलीतल्या तुकड्यांसाठी वेगळा. विषय आपोआप गटवणाऱ्या पद्धतींचंही तसंच. यंत्र शब्दांचे गट देतं, नाव तुम्ही देता, आणि नाव देण्याआधी त्या गटातले किमान वीस मजकूर पूर्ण वाचायचे. ऑनलाइन सेवेत मुलाखती टाकण्याआधी त्या माणसांची परवानगी त्यासाठी आहे का, हे पाहा.

नावं बदलली की गोपनीयता राखली गेली ना?

छोट्या गावात नाही. दोनशे उंबऱ्यांच्या वस्तीत "विधवा, अंगणवाडी सेविका, अमुक जातीची" एवढं लिहिलं की गाव ओळखतं. तक्त्यांतही हेच होतं. जात, वय आणि व्यवसाय असा तिहेरी तक्ता केला आणि एखाद्या चौकटीत १ आला, तर तो एक म्हणजे एक माणूस आहे. अशा चौकटी एकत्र करा. जातीय अत्याचार, कर्ज, घरातली मारहाण यांवरचे उतारे देताना गाव, तालुका दोन्ही काढा, आणि लांब उतारा देण्याऐवजी सारांश द्या. व्हॉट्सअ‍ॅप गटातले संदेश तुम्ही सदस्य म्हणून वाचू शकता, याचा अर्थ ते प्रबंधात छापायची मुभा मिळाली असा होत नाही.

प्रबंधात दोन्ही एकत्र कसं मांडायचं? तोंडी परीक्षेत काय विचारतात?

जोडतक्ता करा. पहिल्या रकान्यात मुद्दा, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात त्या आकड्यामागचा एक नमुनेदार उतारा, चौथ्यात त्याला छेद देणारा उतारा, पाचव्यात तुमचा अर्थ. चौथा रकाना रिकामा राहत असेल तर पुन्हा वाचा. प्रकरणं पद्धतीनुसार पाडण्यापेक्षा प्रश्नांनुसार पाडा, म्हणजे प्रत्येक प्रकरणात आकडे आणि उतारे शेजारी येतात.

तोंडी परीक्षेत हमखास विचारलं जातं: हाच शब्द का मोजला, हाच उतारा का निवडला? पहिल्याचं उत्तर तुमच्या वाचनाच्या टिपणांत असतं आणि दुसऱ्याचं तक्त्यात. म्हणून टिपणवहीत तारखेसह निर्णय लिहीत चला: अमुक दिवशी "वावर" शोधयादीत घेतला, कारण चौथ्या मुलाखतीत तो सापडला.

परिशिष्टात कोडबुक, गाळलेल्या शब्दांची यादी आणि एकत्र केलेल्या रूपांची यादी पूर्ण द्या. बोलीतली रूपं आणि त्यांच्यापुढे प्रमाण रूपं असलेली यादी तर आवर्जून द्या. परभणीकडे किंवा धाराशिवकडे मुलाखती घेणारा पुढचा विद्यार्थी तिथूनच सुरुवात करू शकेल.